‘सिक्युरिटीच्या नावाखाली साडेतीन हजार’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

सर, नमस्कार.

तुमच्या होमस्टेत आम्ही बसवलेल्या वायफायबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. भरल्या होमस्टेत पाहुण्यांसमोर तुम्हाला ओशाळं व्हावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. फोन उचलला नाही म्हणून राग आला, तोही रास्त आहे. त्या संध्याकाळी मी निपाणीला एका तंबाखूच्या वखारीच्या पत्र्यावर चढून अँटेना लावत होतो, फोन खाली पिशवीत होता. फोनचं आता काहीतरी बघतोय.

पण तुम्ही लिहिलंय की, ‘नोड बसवायचे पैसे दिलेच, वर सिक्युरिटीच्या नावाखाली साडेतीन हजार उकळले. त्यासाठी काय केलं, तर यांचा पोरगा दुपारभर लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात बसून होता. आणि महिन्याभरात पाहुण्याच्या मुलाच्या मोबाईलवर आमचे कॅमेरे दिसायला लागले. मेश हॅक झालं. पैसे परत करा.’ एक स्टार.

सर, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आमची कामं एकानं दुसऱ्याला सांगूनच मिळतात. मी जाहिरात करत नाही. ‘उकळले’ हे तिथल्या दहा जणांनी वाचलं तर पुढच्या सीझनला मला कोण बोलावणार? म्हणून सविस्तर लिहितोय, आणि तेही त्या साडेतीन हजारांबद्दलच.

तुमच्या कॉटेजच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चांगल्या जाडजूड. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा एका भिंतीतच निम्म्याहून जास्त मरतो, आणि खानापूर तालुक्यातल्या पावसात चिऱ्यानं ओल धरली की विचारूच नका. केबल पुरायला अंगण उकरायचं नाही, हे तुमचंच म्हणणं होतं आणि मला ते पटलं. म्हणून मेश लावलं, म्हणजे केबलशिवाय एकमेकांशी बोलणारे वायफायचे डबे. यातल्या प्रत्येक डब्याला नोड म्हणतात. यात शेवटच्या कॉटेजमधल्या पाहुण्याचा डेटा मधल्या नोडमधनं हवेतनंच पुढं सरकत ऑफिसातल्या राउटरपर्यंत येतो. प्रत्येक नोड दुसऱ्याचा माल वाहतो. इथंच साध्या वायफायपेक्षा जोखीम वाढते. मधे एखादा परका नोड शेजारी म्हणून घुसला आणि ‘सगळ्यात जवळचा रस्ता माझ्याकडनं आहे’ असं खोटंच सांगायला लागला, तर बाकीचे त्याच्यावर विश्वास ठेवून सगळा डेटा त्याच्याकडं पाठवतात. तो मग वाचू बघेल किंवा गिळून टाकेल. या गिळण्याला ब्लॅकहोल म्हणतात. दोन लांबच्या ठिकाणी दोघांनी मिळून चोरवाट जोडली, की लांबचे नोड एकमेकांना शेजारी वाटायला लागतात, त्याला वर्महोल. मेशचं ८०२.११एस हे स्टँडर्ड २०११ साली आलं, पण त्यातली रस्ता शोधायची पद्धत आत घेतलेल्या शेजाऱ्याला प्रामाणिक धरूनच चालते. एकदा आत आलेला नोड खोटं बोलला तर तिच्याकडं फारसा इलाज नाही. म्हणून परक्याला शेजारीच होऊ द्यायचं नाही, सगळी मेहनत तिथं करायची. ती मेहनत लॅपटॉपवरच करावी लागते सर. शिडीवर चढून होत नाही.

पोरगा दुपारभर काय करत होता ते सांगतो. नोड एकमेकांना ओळखतात ते एसएई या पासवर्ड पडताळायच्या पद्धतीनं, तीच जी डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या कुलपात आहे. जुन्या डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळची देवाणघेवाण कुणीही रस्त्यावर उभा राहून टिपून घेऊ शकतो आणि घरी जाऊन कॉम्प्युटरवर पासवर्डचे लाखो अंदाज लावत बसू शकतो. एसएईमध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्यानं बोलावं लागतं, त्यामुळं तो धंदाच बंद होतो. मग मॅनेजमेंट फ्रेमचं, म्हणजे जोडणी-तोडणीच्या निरोपांचं, संरक्षण चालू केलं. ते नसेल तर कुणीही ‘तुम्ही डिस्कनेक्ट झालात’ असा खोटा निरोप पाठवून फोनला नेटवर्कबाहेर फेकू शकतो आणि शेजारी त्याच नावाचं नकली वायफाय उभं करून त्याला तिकडं ओढू शकतो. पासवर्ड न टाकता जोडायचं डब्ल्यूपीएस बटण बंद केलं. त्याचा पिन दिसायला आठ आकडी, पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि राउटर दोन अर्ध्यांचं चूक-बरोबर वेगवेगळं सांगतो, त्यामुळं जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ पासून जगजाहीर आहे, तरी आजही स्वस्तातल्या डब्यांवर ते चालूच येतं.

प्रत्येक नोडचं फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतला प्रोग्राम, अपडेट केलं. बेल्जियमचे संशोधक मॅथी व्हानहूफ यांनी २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधली क्रॅक ही खोट दाखवली, २०१९ मध्ये एयाल रोनेन यांच्याबरोबर खुद्द डब्ल्यूपीए३ मधल्या खोटी दाखवल्या, आणि २०२१ मध्ये फ्रॅगअटॅक्स नावाच्या, ज्यातल्या काही चुका १९९७ पासून वायफायमध्ये होत्या. कंपन्यांनी पॅच, म्हणजे दुरुस्त्या, काढले, पण खोक्यातनं काढलेल्या राउटरमध्ये ते असतीलच असं नाही. तुमच्याकडं रेंज यथातथा, एकेक फाइल उतरायला वेळ लागत होता. पोरगा ‘नुसता बसून’ होता तो त्यासाठी. त्यानं जेवणही तिथंच उरकलं.

शेवटी नेटवर्कचे तीन भाग पाडले: ऑफिस, कॅमेरे, पाहुणे. पाहुण्यांच्या वायफायवरनं कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरपर्यंत पोचताच येत नाही. निघायच्या आधी तुमच्यासमोर माझ्या फोनवरनं तपासून दाखवलं होतं, तुम्ही ‘छान’ म्हणाला होता. जुना प्रिंटर डब्ल्यूपीए३ घेत नाही, त्याच्यासाठी ऑफिसात वेगळं नाव दिलंय. ते नाव निवडलं की तो चालतो.

मग कॅमेरे दिसले कसे? तुम्ही बोलावल्यावर मी आलो तेव्हा मेशच्या नोंदी आधी बघितल्या. एकही परका नोड जोडला गेलेला नव्हता, तसा प्रयत्नही दिसला नाही. मग अंगणातल्या शेडमध्ये, वायरिंगच्या बोर्डामागं, एक रिपीटर, म्हणजे सिग्नल वाढवायचा डबा, सापडला. तो आमचा नाही, आमच्या बिलात नाही. हळदीच्या कार्यक्रमाला शेडमध्ये सिग्नल कमी पडला म्हणून तुमच्याकडच्या कुणीतरी ऑनलाइन मागवून लावला होता. कुणी, ते मला कळलंय, इथं लिहीत नाही. त्या माणसाचा हेतू पाहुण्यांची सोय करायचाच होता. पण त्याला केबल कुठनं दिली? कॅमेऱ्यांच्या केबल जिथं जोडल्यात त्या स्विचमध्ये एक जागा रिकामी होती, तिथनं. आणि नाव-पासवर्ड कुठला? पाहुण्यांच्या वायफायचाच, जो तुम्ही रिसेप्शनला फ्रेम करून लावलाय.

फोन नेटवर्कला नावानं आणि पासवर्डनं ओळखतो. डबा कुणाचा ते तो बघत नाही. पाहुण्यांकडं जुने फोन असतात म्हणून त्यांच्या वायफायवर डब्ल्यूपीए२ ही चालू ठेवावं लागतं, त्यामुळं या रिपीटरला जोडायला फोनला काहीच अडलं नाही. शेडमध्ये बसलेल्या प्रत्येकाचा फोन आपोआप त्याच्यावर गेला आणि थेट कॅमेऱ्यांच्या भागात उतरला. त्या मुलानं नेटवर्क स्कॅन करायचं साधं ॲप उघडलं, रेकॉर्डर दिसला, आणि त्याचा पासवर्ड खोक्यातनं आला तोच होता. कॅमेरे दुसऱ्यानं बसवलेत. तो पासवर्ड बदलून घ्या, असं मी बिलावर लिहून दिलं होतं, तुमच्या फाइलमध्ये असेल. सर, खाचराचा बांध चारी बाजूंनी लिंपला आणि मागनं एका खेकड्यानं भोक पाडलं, तर बांध घालणाऱ्याची मजुरी बुडीत होते का?

म्हणून ‘मेश हॅक झालं’ हे खरं नाही, आणि ते साडेतीन हजार मी परत करणार नाही. सहज केलं असतं तर सोपं पडलं असतं, रिव्ह्यूही निघाला असता. पण मग बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या फाउंड्रीवाल्याकडनं याच कामाचे पैसे घेतले, त्याला काय सांगू? की ते काम नव्हतंच?

रिपीटर काढायला आलो त्या फेरीचे पैसे मी घेतले नाहीत, हे मात्र रिव्ह्यूत आलं नाही. तेवढं यायला पाहिजे होतं.

आता पुढचं. स्विचच्या रिकाम्या जागा मी त्याच दिवशी बंद केल्यात, नुसती केबल खुपसून आता काही चालणार नाही. रेकॉर्डरचा पासवर्ड बदलला का ते कॅमेरेवाल्याला आजच विचारा. त्या मुलानं रेकॉर्डिंग उतरवून घेतल्याची शंका असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, नोंदी मी काढून देतो. सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितल्यात, आम्ही त्याप्रमाणंच सेटिंग करतो, त्यामुळं त्या आहेत. पाहुण्यांचा पासवर्ड दर सीझनला बदलायची सवय लावून घ्या. आणि काय जोडायचं नाही, याचा मराठी-कन्नड दोन्हीतला एक कागद आम्ही यापुढं प्रत्येक कामाला देणार आहोत, तुमच्याकडंही आणून लावतो. बिलातही ‘सिक्युरिटी’ असं एकाच ओळीत न लिहिता जरा फोड करून लिहू.

शेडमध्ये सिग्नलची गरज आहे, हे खरंच आहे. तिथं एक नोड वाढवावा लागेल. नोडची किंमत तेवढी द्या, बसवायचे आणि लॅपटॉपवर बसायचे पैसे नकोत. तो रिपीटर तुमच्या ऑफिसच्या कपाटात ठेवलाय, तोवर कृपा करून कुणाला लावू देऊ नका. गुरुवारनंतर कधीही सांगा, सकाळी लवकर निघून येतो.