दंडाची पावती आणि मोरीतलं बॅरल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

बेळगावातल्या डेंग्यूवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही इतकं मन लावून लिहिलंत, तेव्हा दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही. त्या लेखात मी घरांवरच्या दंडाला विरोध केला होता, पाणीपुरवठ्याकडे बोट दाखवलं होतं आणि डेंग्यूची माहितीपत्रकं मराठीतही मागितली होती. तुमचे आक्षेप तीन आहेत. लोक बेफिकीर आहेत, खिशाला चाट बसल्याशिवाय सुधारत नाहीत, म्हणून दंड हवाच. पाणीपुरवठ्याचा विषय मी ओढूनताणून आणला. आणि मराठी पत्रकांची मागणी करून आरोग्यात सीमाप्रश्न घुसडला.

आधी दंडाबद्दल. २०२४ साली कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केलं. घरात किंवा आवारात डासांची पैदास सापडली तर शहरात ४०० आणि खेड्यात २०० रुपये दंड ठरला. शहरात व्यापारी जागांना १,००० आणि बांधकामं, मोकळे प्लॉट यांना २,००० रुपये. माझा विरोध यातल्या फक्त घरांवरच्या दंडाला आहे.

शहरातल्या वडगावात विणकरांच्या गल्लीतून, घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंबरोबर फिरताना एका घराच्या मोरीत निळं बॅरल होतं. वर फळी, फळीवर तांब्या, शेजारी भरलेल्या दोन घागरी. ताईंनी फळी सरकवून टॉर्च मारला. पाणी नितळ होतं, तळ दिसत होता. त्यांचा हात वर आला, पाण्यावर सावली पडली आणि वर तरंगणाऱ्या अळ्या वळवळत तळाशी गेल्या. घरातल्या आजी वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ओतीन की, पण परत पाणी कवा सोडतील ते सांग."

सर, या प्रश्नाला ताईंकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला गटार लागत नाही, त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत साधारण सात ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करा, असं आरोग्य खातं सांगतं. पण नळाला पाणीच आठवड्याने येत असेल, तर कोरडा दिवस पाळायचा म्हणजे उरलेलं पिण्याचं आणि वापरायचं पाणी मोरीत ओतून द्यायचं. ज्या घरात बोअर आहे आणि गच्चीवर झाकणबंद टाकी आहे, त्या घराला हा नियम सोपा जातो. आपल्या शहरात २००८ पासून काही मोजक्या भागांत चोवीस तास पाणी आहे. तिथल्या माणसाला बॅरल ठेवायची गरजच पडत नाही. त्याच शहरातल्या दुसऱ्या माणसाला बॅरल ठेवलं म्हणून ४०० रुपये भरायला लावणं मला अन्याय वाटतो. पाण्याचा विषय ओढून आणावा लागत नाही, तो त्या बॅरलमध्येच आहे.

आता तुम्ही म्हणता ती बेफिकिरी. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे नुसतं बॅरल उपडं करून उपयोग नाही, आतली बाजू काथ्याने खसखसून घासली पाहिजे. हे त्या आजींना कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांच्या दारावर चिकटवलेलं पत्रक कन्नडमध्ये होतं आणि त्यांना फक्त मराठी वाचता येतं. घासायचं कसं, अबेट (अळ्या मारायचं औषध) टाकलेलं पाणी वापरलं तर चालतं का, अळ्या खाणारे गप्पी मासे कुठे मिळतात, हे त्यांना कळणार कुठून?

म्हणून मराठी पत्रकं. यात सीमाप्रश्न कुठे आला? भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने १९५६ साली जी निवेदनपत्रिका काढली, तिच्यानुसार एखाद्या भाषेचे लोक जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के वा अधिक असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघायला हव्यात. सूचना महत्त्वाची म्हणायची ती कुठली, तापाने माणसं आजारी पडतात तेव्हाचीच ना? कन्नड पत्रक काढू नका असं मी कुठेच म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आपण सकाळी फिरायला जातो, मेळाव्यांना जातो. तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे. ती टोचताना भाषा विचारत नव्हते हे खरं, पण लस टोचून घ्यायला हात पुढे करावा लागतो आणि तो समजावल्याशिवाय पुढे येत नाही.

सीमेचा खरा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यावर कुणीच बोलत नाही. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला माणूस तापला की शिनोळीवरून बेळगावला येतो. रक्त इथे तपासलं जातं, पण डास आहेत त्याच्या गावात. चावल्यापासून ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात, त्यामुळे आधीच्या दोन आठवड्यांत तो कुठे राहिला हे विचारून त्याच दिवशी कोल्हापूर जिल्ह्याला कळवलं, तरच तिथे अळ्या शोधण्यात अर्थ आहे. कोविडमध्ये राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाडी थांबवून आरटीपीसीआरचा कागद पाहणारी यंत्रणा रातोरात उभी राहिली होती. रुग्णाची खबर सीमेपलीकडे पोचवायला तेवढीच तत्परता का दिसू नये? धुराच्या गाडीबद्दल तुम्ही लिहिलंय, पण त्या धुराने उडते डास मरतात, अळ्या नाहीत. त्यावर जास्त खर्च करू नये असंच मला वाटतं.

आणखी एक. दंडाची धास्ती बसली की लोक दार उघडत नाहीत. आशाताई पावती फाडत नाहीत, पण खांद्याला पिशवी दिसली की कोण फरक करतं? दार बंद झालं की आतलं बॅरल कुणालाच दिसत नाही.

मोठ्या दंडाबाबत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. तुमच्या गल्लीतल्या अर्धवट इमारतीच्या तळघरात पावसाचं पाणी तुंबलंय आणि बिल्डर फिरकत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. तिथे २,००० रुपये वसूल झालेच पाहिजेत. त्याला पाण्याची टंचाई नाही आणि पंप लावायला पैसाही कमी नाही. अर्ज तयार करा, कन्नड आणि मराठी दोन्हींत. मी सही करतो, आणि महापालिकेत द्यायला तुमच्याबरोबर येतो.