कपाटातल्या कुंडीलाही कलम २० लागू होतं

गेल्या काही महिन्यांत एक मेसेज मला इतक्या जणांनी पाठवला आहे की तो आता जवळजवळ पाठ झाला आहे. "भारतात भांग कायदेशीर आहे, सरकारमान्य दुकानात मिळते. म्हणून स्वतःपुरती एक-दोन गांजाची झाडं घरात लावली तर गुन्हा होत नाही. एक किलोच्या आत माल असेल तर फार तर दंड. एक कपाट, एक एलईडी दिवा आणि दोन कुंड्या पुरतात, कोणाला पत्ता लागत नाही. ०.३ टक्क्यांखालचं बियाणं तर पूर्ण लीगल. आणि युनोने २०२० मध्येच बंदी उठवली आहे."

मी फौजदारी वकिली करतो आणि एनडीपीएसचे, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचे, खटले लढवतो. हा मेसेज पाठवणारी मुलं बहुतेक विशी-बाविशीतली असतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "सर, हे खरंय ना?" खरं नाही. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एक तुकडा आहे, आणि त्या तुकड्यामुळेच पुढचं खोटं पटतं. म्हणून नुसतं "करू नका" म्हणून भागणार नाही.

भांगेपासून सुरुवात करतो, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात, 'कॅनाबिस'ची व्याख्या कलम २(iii) मध्ये आहे. त्यात तीन गोष्टी येतात. पहिली चरस, म्हणजे झाडापासून वेगळी केलेली राळ. दुसरी गांजा, म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. तिसरी, या दोन्हींचं कुठलंही मिश्रण किंवा त्यापासून केलेलं पेय. गांजाच्या व्याख्येत कंसात एक वाक्य आहे: शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया यातून वगळल्या आहेत. भांग पानांची होते, म्हणून ती या व्याख्येतून निसटते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशात परवानाधारक दुकानं चालतात ती याच आधारावर, आणि तीही त्या त्या राज्याच्या अबकारी नियमांखाली. महाराष्ट्रात तर १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे, इथे परवान्याशिवाय भांग बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. मेसेज लिहिणाऱ्याने हे गाळलं.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढच्याच ओळीत आहे. कलम २(iv) मध्ये 'कॅनाबिसचं झाड' याची वेगळी व्याख्या दिली आहे: कॅनाबिस या प्रजातीतलं कोणतंही झाड. इथे पानं वगळलेली नाहीत, बिया वगळलेल्या नाहीत, नर-मादी असा फरक नाही, उंची नाही, वय नाही. आणि कलम ८(ख) सांगतं की कॅनाबिसच्या कोणत्याही झाडाची लागवड कोणीही करायची नाही. म्हणजे पानावर एक नियम आणि झाडावर दुसरा. पान 'गांजा' नसेलही, पण ते ज्या झाडाला लागलं ते झाड लावणं स्वतंत्र गुन्हा आहे. "मी फक्त पानांसाठी लावलं होतं" हा बचाव इथेच संपतो.

न्यायालयात व्याख्येचा हा फरक खरोखर कामाला येतो, हेही सांगितलं पाहिजे. जप्त केलेल्या मालात फुलोरा होता की नुसती पानं-काड्या होत्या, या मुद्द्यावर आरोपींना जामीन मिळाले आहेत, आमच्या उच्च न्यायालयातही. मी स्वतः हा मुद्दा मांडतो. पण तो मुद्दा जवळ बाळगलेल्या मालाच्या वजनाबद्दल आहे. मुळासकट कुंडीत उभ्या असलेल्या झाडाला त्याचा उपयोग नाही.

"एक-दोन झाडं, एक किलोच्या आत" या वाक्यावर सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं, कारण यातल्या चुकीची किंमत वर्षांमध्ये मोजावी लागते.

एक किलोचा आकडा कुठून आला? सरकारी अधिसूचनेनुसार गांजाची 'अल्प मात्रा' म्हणजे एक किलोपेक्षा कमी आणि 'व्यापारी मात्रा' म्हणजे वीस किलोहून जास्त. अल्प मात्रेला कलम २० खाली एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे एक किलोचा आकडा खरा आहे, पण 'फार तर दंड' हे तिथेही खरं नाही. शिवाय कलम २० चे दोन भाग आहेत. (ख) भागात बाळगणं, विकणं, वाहतूक करणं वगैरे येतं, आणि मात्रेचे तीन टप्पे फक्त त्याच भागाला आहेत. (क) भागात लागवड येते. तिथे मात्रेचा शब्दच नाही. कितीही झाडं असोत, शिक्षा एकच लिहिली आहे: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. 'किंवा' नव्हे, 'आणि'.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बाजारातून शंभर ग्रॅम गांजा घेऊन खिशात ठेवणाऱ्याला जास्तीत जास्त एक वर्ष होऊ शकतं. "बाजाराच्या वाटेला न जाता स्वतःपुरतं" म्हणून कुंडीत एक रोप वाढवणाऱ्याची कमाल शिक्षा दहा वर्षांची आहे. हा तोल मला न्याय्य वाटत नाही. स्वतःपुरतं लावणं आणि एकरभर लावणं यांना कायद्याने एकाच ओळीत बसवू नये, असं माझं ठाम मत आहे आणि संधी मिळेल तिथे मी ते मांडतो. न्यायाधीश शिक्षा ठरवताना झाडांची संख्या पाहू शकतात, कमाल दहा म्हणजे प्रत्येकाला दहा असंही नाही. पण अटक होताना, रिमांड मागताना, दोषारोप निश्चित होताना कलम तेच असतं.

आता कपाट, दिवा आणि कुंडी. "घरात लावलं की सुरक्षित" या समजुतीत मुलं सर्वात खोल अडकतात. माझ्या अनुभवात गोष्ट नेमकी उलटी आहे.

हे झाड रानटीही वाढतं. हिमालयाच्या पायथ्याला ते रस्त्याकडेला तणासारखं माजतं. शेताच्या बांधावर झाड सापडलं, तर शेतकरी म्हणू शकतो की ते आपोआप उगवलं, मी लावलं नाही, माझ्या लक्षातही आलं नाही. सरकार पक्षाला लागवड सिद्ध करावी लागते, आणि अशा खटल्यात 'उगवलं' आणि 'लावलं' यांमधल्या अंतरातच बचावाला जागा असते. बंद कपाटात ते अंतर उरत नाही. तिथे पंचनाम्यात काय लिहिलं जाईल ते डोळ्यांसमोर आणा: दिवा, दिव्याचा टायमर, छोटा पंखा, खताची बाटली, कुंडी, मोबाइलमधले रोज काढलेले फोटो, ऑनलाइन मागवलेल्या सामानाची बिलं. यातली प्रत्येक वस्तू सांगते की कोणीतरी हे झाड जाणूनबुजून, निगा राखून वाढवलं. त्यात कलम ३५ असं आहे की आरोपीची दोषी मनोवस्था न्यायालयाने गृहीतच धरायची. ती नव्हती हे दाखवण्याचं ओझं आरोपीवर, आणि तेही वाजवी संशयापलीकडे. जी व्यवस्था मेसेज लपण्यासाठी सुचवतो, तीच सरकार पक्षाचा सर्वात मजबूत पुरावा बनते.

बागकामाची बाजूही त्यात चुकीची सांगितली आहे. लहान बंद जागेत रोज पाणी पडतं, झाडं ओल सोडतात, दिवा उष्णता सोडतो. हवा खेळली नाही तर बुरशी धरते, आणि बुरशी लागलेला फुलोरा ओढणं फुफ्फुसांना घातक असतं. स्वस्त एक्स्टेंशनवर दिवसभर जळणारा दिवा लाकडी कपाटात ठेवणं हा आगीचा धोका वेगळाच. फुलोऱ्याचा उग्र वास तर प्रसिद्धच आहे. "घरचं म्हणजे शुद्ध" हे भाजीच्या बाबतीत एकवेळ मानू, इथे नाही. त्यात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, किती आहे हे पान पाहून, वास घेऊन कोणालाच सांगता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

टीएचसीवरून ०.३ टक्क्यांकडे येतो. हा आकडा अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्यातून जगभर फिरला. तिथे वाळल्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या झाडाला 'हेम्प' मानून वेगळं काढलं आहे. उत्तराखंडने त्याच वर्षी हेम्पच्या लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली आणि हीच मर्यादा धरली. पण आपल्या केंद्रीय कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येत टक्केवारी नाही. उत्तराखंडला हे करता आलं ते कलम १४ मुळे: धागा किंवा बी मिळवण्यासाठी, किंवा उद्यानविद्येच्या हेतूने, सरकार आदेश काढून अटींवर लागवडीची मुभा देऊ शकतं. आधी सरकारचा आदेश, मग परवाना, मग लागवड. बियाण्याच्या पाकिटावर छापलेला आकडा यातल्या कशाचीच जागा घेत नाही. हेम्पच्या बिया, बियांचं तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून २०२१ पासून चालतात, तेही खरं आहे. पण बी खाणं आणि बी पेरणं या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

युनोचा मुद्दा पटकन संपतो. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनाबिसला १९६१ च्या अमली पदार्थ कराराच्या चौथ्या अनुसूचीतून, म्हणजे सर्वात धोकादायक द्रव्यांच्या यादीतून, काढलं, आणि भारताने बाजूने मत दिलं. पहिल्या अनुसूचीत ते अजूनही आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियंत्रण कायम आहे. भारतातल्या कायद्याचा एक शब्दही त्या मतदानाने बदलला नाही.

मेसेजच्या लांब आवृत्तीत आणखी दोन गोष्टी असतात. एक, "इंग्रजांनी बंदी आणली, त्याआधी घरोघरी लावत." इंग्रजांनी बंदी नव्हे, कर आणला होता. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने तर संपूर्ण बंदीची गरज नाही असंच म्हटलं. तेव्हा आपल्या अहमदनगर जिल्ह्यात गांजाची शेती होत होती, पण तीही परवान्यावर आणि अबकारी खात्याच्या देखरेखीखाली. आज ज्या कलमांची आपण चर्चा करतोय, ती स्वतंत्र भारताच्या संसदेने १९८५ मध्ये केली आहेत.

दुसरी, "औषधासाठी चालतं." आयुर्वेदात विजया, म्हणजे भांग, आहे हे खरं, पण औषध नियमांतल्या अनुसूची ई(१) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भांगेचं नाव आहे. तिची औषधं परवानाधारक कारखान्यात बनतात आणि वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची असतात. ज्यांच्या घरात अपस्माराचं लेकरू आहे किंवा कर्करोगाच्या वेदना आहेत, त्यांची तगमग मला कळते. अशी माणसंही माझ्याकडे येतात. त्यांना मी डॉक्टरांकडे आणि परवानाधारक औषधाकडेच पाठवतो. कुंडीतल्या झाडाचा डोस कोणालाच ठरवता येत नाही, आणि औषधाचा हेतू होता म्हणून विनापरवाना लागवड माफ होत नाही.

राहिला "पहिलाच गुन्हा, समज देऊन सोडतात" हा दिलासा. इतर अनेक गुन्ह्यांत पहिल्यांदा चुकलेल्या तरुणाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं. एनडीपीएसच्या कलम ३३ ने अठरा वर्षांवरच्यांसाठी ही वाट बंद केली आहे, अपवाद फक्त कलम २६ आणि २७ चा, आणि लागवड त्यात नाही. कलम ६४क खाली व्यसनमुक्ती उपचार घेणाऱ्याला जे संरक्षण मिळतं, ते सेवन आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यांपुरतं आहे. लागवड त्यातही नाही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अजामीनपात्र, म्हणजे जामीन मिळणं न्यायालयाच्या विवेकावर. तो मिळतो, कारण व्यापारी मात्रेच्या कडक अटी इथे लागत नाहीत. पण तोवर कोठडी असते, आणि पुढे विशेष न्यायालयात वर्षानुवर्षं तारखा. पासपोर्ट, सरकारी नोकरी, परदेशी विद्यापीठाचा अर्ज, प्रत्येक ठिकाणी "खटला प्रलंबित आहे का" हा रकाना भरावा लागतो.

ही मुलं जे व्हिडिओ पाहून शिकतात, ते बहुतेक कॅनडा किंवा जर्मनीतले असतात. कॅनडात २०१८ पासून सर्वसाधारणपणे घरामागे चार झाडं चालतात, जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन. व्हिडिओतला माणूस त्याच्या देशात गुन्हा करत नाही. तोच व्हिडिओ पाहून इथे तेच करणारा मुलगा करतो.

मागच्या आठवड्यात एका आईचा फोन आला. मुलाच्या खोलीतल्या कपाटातून जांभळा उजेड येतो, आत दोन रोपं आहेत, मुलाने हाच मेसेज दाखवून समजूत घातली आहे. तिचा प्रश्न वेगळा होता: "फ्लॅट माझ्या नावावर आहे. मला काही होईल का?" कलम २५ म्हणतं की घराचा मालक किंवा ताबेदार जाणूनबुजून आपली जागा अशा गुन्ह्यासाठी वापरू देत असेल, तर त्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा. मी तिला सांगितलं, "ताई, कालपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं. आज माहीत आहे. मुलाला घेऊन आजच या."