पाटी, कुत्रा आणि परवाना : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी हार्डवेअर डिझाइनला, म्हणजे सर्किट बोर्डांच्या आराखड्यांना, कोणता ओपन सोर्स परवाना (इतरांनी ते कोणत्या अटींवर वापरावेत, बदलावेत हे सांगणारा मजकूर) लावावा याबद्दल लिहिलं होतं. त्यावर 'फ्लक्स' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली. ती उडवून टाकावी असं दोनदा मनात आलं होतं. शेवटी ठेवली. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी इथे पूर्ण देतो (स्कीमॅटिक म्हणजे सर्किटच्या जोडण्यांची आकृती, लेआउट म्हणजे त्या जोडण्यांची बोर्डवरची प्रत्यक्ष मांडणी, सर्न-ओएचएल म्हणजे युरोपातल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा हार्डवेअर परवाना) :

"उत्साह दांडगा, अभ्यास कमी. हार्डवेअरचा परवाना म्हणजे घरात कुत्रा नसताना दारावर लावलेली 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी. सर्किट काय काम करतं यावर कॉपीराइट नसतो, तो पेटंटचा प्रांत. तुमची स्कीमॅटिक समोर ठेवून कोणी नव्याने लेआउट काढला तर तुमचा सर्न-ओएचएल काय करणार? शिवाय त्याची दुसरी आवृत्ती २०१९ची नाही, २०२०ची. आणि व्यापारी वापराला बंदी घालणाऱ्या डिझाइनला 'ओपन' म्हणणं सोडा. लिहिता येतं म्हणून लिहायलाच हवं असं नाही."

सर्वप्रथम, वेळ काढून लेख वाचल्याबद्दल आभार. वर्षाची चूक माझी. दुसरी आवृत्ती मार्च २०२०मध्ये आली, लेखात २०१९ पडलं होतं, ते दुरुस्त केलं आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे नियमित वाचकांना ठाऊक आहे.

आता पाटी आणि कुत्रा.

वाक्य चटपटीत आहे, कबूल. पण चटपटीत वाक्य हाती लागलं की माणसाला आपण मुद्दा मांडला असं वाटू लागतं, तसं तुमचं झालं आहे. सर्किटच्या कामावर कॉपीराइट नसतो हे तुम्ही असं सांगता की जणू काल रात्री तुम्हालाच सापडलं. साहेब, टीएपीआर या हौशी रेडिओवाल्यांच्या संस्थेने २००७ साली हार्डवेअरसाठी परवाना काढला. त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलं आहे की हा मुख्यतः कॉपीराइटचा परवाना नव्हे. कॉपीराइट कागदपत्रांना जपतो, त्यावरून वस्तू बनवण्याशी त्याचा फारसा संबंध नाही, तिथे पेटंट येतं. म्हणजे ज्यांनी पाटी रंगवली त्यांनीच तिच्यावर बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं की कुत्रा लहान आहे. सर्नचा परवाना आला २०११मध्ये, तो लिहिणारे वकील आणि इंजिनिअरही झोपेत नव्हते. दुसऱ्या आवृत्तीत पेटंटचं कलम आहे : डिझाइन देणारा त्याच्याकडची संबंधित पेटंटं वापरायची मुभा देतो, आणि घेणाऱ्याने त्याच डिझाइनवरून पेटंटचा दावा ठोकला तर ती मुभा जाते. तुमच्या प्रतिक्रियेत या कलमाचा उल्लेख नाही. परवाना उघडून वाचला असता तर सापडलं असतं. (हे जरा लागेल, पण 'अभ्यास कमी' हे शब्द माझे नव्हेत.)

आणि पाटीबद्दलच बोलायचं तर, पाटी चोरासाठी नसतेच. चोर पाटी वाचत नाही. पाटी वाचतो तो फाटकाशी थबकलेला सभ्य माणूस, ज्याला आत यावं की बेल वाजवावी हे कळत नाही. हार्डवेअरमध्ये अशी माणसंच जास्त. कोणाला तुमचा बोर्ड आपल्या मोठ्या यंत्रात बसवायचा असतो आणि त्याला एवढंच हवं असतं की पूर्ण यंत्राच्या फाइली उघड्या कराव्या लागतील की फक्त तुमच्या बोर्डातले बदल दिले तरी चालेल. सर्नच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या एस, डब्ल्यू आणि पी या तीन तऱ्हा याच प्रश्नाची उत्तरं आहेत. एस म्हणजे घेतलंत तसं सगळं द्या, डब्ल्यू म्हणजे या तुकड्यापुरतं द्या, पी म्हणजे श्रेय तेवढं ठेवा. परवानाच नसेल तर हा सभ्य माणूस फाइल बंद करून निघून जातो. तुमचा चोर मात्र तसाही येणारच होता.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. 'अभ्यास' हा शब्द तुम्ही काढलात म्हणून सांगतो. बारा वर्षं बोर्ड काढतो आहे. पहिल्या तीन बोर्डांवर मी जीपीएल हा मुळात सॉफ्टवेअरसाठीचा परवाना लावला होता, कारण सगळे तोच लावत होते. त्यातला 'ऑब्जेक्ट कोड' (यंत्रासाठी तयार झालेला प्रोग्रॅम) बोर्डच्या बाबतीत म्हणजे तांब्याचा पत्रा की गर्बर फाइल (बोर्ड छापायला कारखान्याला द्यायचं तयार चित्र), असा प्रश्नही तेव्हा पडला नव्हता. चौथा बोर्ड लहान मोटरचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सर्किट. त्याला सीसी बाय-एसए (श्रेय द्या आणि बदल त्याच अटींवर वाटा, असं सांगणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना) लावला आणि फाइली नेटवर ठेवल्या. त्यात एक ढोबळ चूक होती. सिल्कस्क्रीनवर, म्हणजे बोर्डवरच्या छापील खुणांत, मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची (हा उलटा जोडला की फुटू शकतो) अधिक खूण उलट्या बाजूला छापली गेली होती. स्कीमॅटिक बरोबर, पॅड बरोबर, फक्त पांढऱ्या शाईतली ती फुली चुकीच्या जागी. रीडमीमध्ये (फाइलींसोबतच्या माहितीच्या पानात) मी तशी सूचना टाकली आणि विसरलो.

आठ-नऊ महिन्यांनी एका अनोळखी माणसाचा संतापलेला मेल आला. कपॅसिटर फुटला, टेबलावर घाण झाली, पैसे परत करा. मी तर एकही बोर्ड विकला नव्हता. फोटो मागवला. बोर्ड माझाच : तोच आकार, त्याच चार छिद्रांच्या जागा, तीच उलटी खूण, आणि कडेला माझ्या साइटचा पत्ता. विकणाऱ्याने गर्बर जशाच्या तशा फॅबला (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला) पाठवल्या होत्या. माझा पत्तासुद्धा खोडायचे कष्ट घेतले नव्हते, म्हणून तक्रार माझ्या दारी आली.

विकणाऱ्याला पहिला मेल केला, उत्तर नाही. दुसऱ्या मेलमध्ये परवान्याचा मजकूर, दोन्ही बोर्डांचे फोटो शेजारीशेजारी, आणि उलट्या खुणेभोवती लाल वर्तुळ. चार दिवसांत उत्तर आलं. पुढच्या खेपेत खूण सरळ झाली, बोर्डवर श्रेयाची ओळ आली, आणि त्यांनी बदललेल्या फाइली मला पाठवल्या. चिपखालच्या थर्मल व्हाया (उष्णता वाहून नेणारी छिद्रं) त्यांनी वाढवल्या होत्या. चिप खरंच कमी तापत होती. तो बदल मी माझ्या आवृत्तीत घेतला. हे सगळं, तुमच्या म्हणण्याप्रमाणे, नसलेल्या कुत्र्याने केलं.

तुम्ही म्हणाल की त्यांनी लेआउट जसाच्या तसा उचलला म्हणून. नव्याने काढला असता तर? तर काही झालं नसतं. पण काढला नाही ना! हेच तर सांगतोय. कागदावर 'कोणीही नव्याने लेआउट काढेल' म्हणणं सोपं आहे. मोठा करंट नेणारी ट्रेस, ग्राउंड प्लेन कुठे तोडायचं, करंट सेन्सच्या दोन तारा कशा न्यायच्या, मग पहिली खेप मागवायची, ती चुकणार, दुसरी मागवायची. एवढं करायची ज्याची तयारी आहे तो बहुधा माझ्या स्कीमॅटिकवर अडून बसत नाही. प्रत्यक्षात फाइली उचलल्या जातात, आणि फाइलींवर कॉपीराइट आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बेकर विरुद्ध सेल्डन या अमेरिकी खटल्याचा हवाला देत बसू नका, तोही वाचला आहे. हिशेबाच्या पद्धतीवर हक्क नाही, पुस्तकावर आहे. मी पुस्तकाबद्दलच बोलतोय.

तेवढ्यासाठीच मूळ लेखात मी नुसत्या गर्बर ठेवू नका म्हटलं होतं. ओपन सोर्स हार्डवेअरची व्याख्याही हेच सांगते : बदल करायला सोयीच्या मूळ फाइली द्या, छपाईला तयार तांब्याचं चित्र त्याला पर्याय नाही. नुसती गर्बर देणं म्हणजे प्रोग्रॅमची बायनरी (फक्त यंत्राला वाचता येणारी फाइल) देऊन 'सोर्स दिला' म्हणणं. या मुद्द्यावर तुमचं काहीच म्हणणं नाही, यावरून लेख किती वाचला गेला याचा अंदाज येतो.

पेटंटचा प्रांत वगैरे जे उरलं, त्यावर पुन्हा केव्हातरी. आर्डुइनो या हौशी लोकांच्या आवडत्या बोर्डचं उदाहरण या वादात सगळेच देतात : डिझाइन सीसी बाय-एसएखाली मोकळं, बोर्डच्या नकला कायदेशीर, पण नाव ट्रेडमार्कमुळे राखीव. म्हणजे कुत्रा आहेच, फक्त मागच्या दारी बांधलेला. चिपच्या आतल्या मांडणीला तर कित्येक देशांत वेगळाच कायदा लागतो, पण मी चिप काढत नाही, बहुधा तुम्हीही नाही.

'ओपन' शब्दाबद्दल : व्याख्येत व्यापारी वापरावर बंदी चालत नाही हे मला माहीत आहे. मी तो शब्द बोलीतल्या अर्थाने वापरला होता, संदर्भावरून कळत होतं. प्रत्येक वेळी व्याख्येचा कायदेकोश उघडून लिहायला लागलं तर कोणी लिहायचं?

आणि शेवटचं वाक्य, 'लिहिता येतं म्हणून लिहायलाच हवं असं नाही'. हे तुम्ही प्रतिक्रिया टाइप करताना लिहिलंत, एवढंच निदर्शनास आणतो.

असो. त्या ड्रायव्हरची तिसरी आवृत्ती या महिन्यात टाकतोय, सर्न-ओएचएल-डब्ल्यूखाली, मूळ फाइलींसकट. नव्याने लेआउट काढून दाखवायची इच्छा असेल तर स्कीमॅटिक पहिल्याच पानावर आहे. कपॅसिटरची खूण आता सरळ आहे.