'दहापट भरपाई'चा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांसाठी

नाशिकच्या ओझरजवळ महामार्गावर माझा चुलत भाऊ अपघातात गेला. दहावं-तेरावं उरकतंय तोच वहिनींच्या फोनवर कुणीतरी तो मेसेज टाकला. सलग तीन वर्षं आयकर विवरणपत्र भरणारा माणूस अपघातात गेला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार सरकार त्याच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दहापट रक्कम घरच्यांना देतं. ४, ५ आणि ६ लाख उत्पन्न असेल तर ५० लाख. चूक कोणाची ते बघत नाहीत. लोकांना माहीतच नाही म्हणून कोणी मागत नाही, वगैरे. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, कलेक्टर ऑफिसात कुठल्या खिडकीवर जायचं?"

कुठल्याच नाही. कलम १६६ मध्ये ना आयकर आहे, ना दहापट, ना सरकारी तिजोरी. दावा कोणी, कुठे आणि किती मुदतीत करायचा, एवढंच तिथे आहे. पैसे द्यायचे असतात धडक देणाऱ्या गाडीच्या मालकाने, म्हणजे व्यवहारात तिच्या विमा कंपनीने. आकडा ठरवतं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, तेही जिल्हा न्यायालयात. कलेक्टर कचेरी आणि कोर्ट दोन्ही नाशकात मध्यवर्ती बसस्थानकाच्या (सीबीएस) आसपासच आहेत, पण चुकीच्या फाटकातून आत गेलात तर महिने जातात. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेही (पीआयबी) हा मेसेज खोटा ठरवलाय. खंडन मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

सरकार पैसे देतं हा समज येतो कुठून, तेही कळतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये औरंगाबाद रोडला खासगी बस पेटली, बारा माणसं गेली, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी पाच-पाच लाख जाहीर केले होते. ती मदत होती. सरकारने दिली म्हणून मिळाली, हक्क म्हणून कोर्टात मागता येत नाही. एका बाबतीत मात्र कचेरीची वाट बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य करतो: धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर प्रांत किंवा तहसीलदाराकडे अर्ज करायचा. मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. तिथेही विवरणपत्र कोणी मागत नाही.

आता ते दहापट. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७ साली प्रणय सेठी प्रकरणात हिशेबाची रीत पक्की केली. वयाप्रमाणे गुणक बदलतो, पंचविशीपर्यंत १८ आणि पासष्टीनंतर ५. मेसेजमधलेच ५ लाख घ्या, कर वजा जाता. पस्तिशीचा दुकानदार, घरी बायको, दोन मुलं, आई. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवायचे, झाले ७ लाख. स्वतःवरचा खर्च म्हणून चौथा हिस्सा काढायचा, उरले सव्वापाच लाख. गुणिले १६. ८४ लाख! म्हणजे हा मेसेज वाचून ५० लाखांवर खूश होणारी बाई ३४ लाख सोडून देते. उलट अठ्ठावन्नचा दुकानदार, मागे दोनच माणसं, तर वाढ कमी, स्वतःवरच्या खर्चाचा हिस्सा जास्त आणि गुणक लहान धरून हाच हिशेब ३३ लाखांवर थांबतो. 'दहा' कुठून काढला, देव जाणे.

विवरणपत्राचं महत्त्व खोटं नाही. उत्पन्नाचा तो भक्कम पुरावा, असेल तर जरूर जोडा. पण ते नाही म्हणून दावाच नाही, हा अर्थ लोक काढतात आणि खरं नुकसान तिथे होतं. पंचवटीतला भाजीवाला, द्राक्षबागेतली मजूर बाई, घर सांभाळणारी गृहिणी, यांच्यासाठीही न्यायालय उत्पन्न गृहीत धरून भरपाई देतं.

'चूक बघत नाहीत' हे अर्धसत्य. कलम १६४ खाली खरंच चूक सिद्ध करावी लागत नाही, पण रक्कम ठरलेली: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच. १६६ खाली समोरच्याचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो आणि आपल्या माणसाचीही चूक निघाली तर तेवढी रक्कम कापतात. स्वतःच खड्ड्यात घसरून पडला असेल तर यातलं काही नाही. मग स्वतःच्या पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कवच आहे का, ते बघायचं.

आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एप्रिल २०२२ पासून १६६ चा दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. अपघात धुळ्याकडे झाला तरी राहता नाशकात असाल तर दावा इथेच करता येतो. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि समोरच्या गाडीच्या पॉलिसीचा तपशील पोलीस ठाण्यातून मागून घ्या.

विमा कंपनीचा माणूस "चूक-बिक काही नको, पाच लाख लगेच देतो" म्हणत घरी आला, तर कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. १६४ खालची रक्कम त्या तडजोडीत स्वीकारली की १६६ चा अर्ज आपोआप संपतो.