आमच्याकडे ‘सचिव’ म्हणजे मंत्री

बेळगावात डीसी ऑफिसच्या, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बाजूला माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. 2023 च्या पावसाळ्यात खानापूरकडचे एक काका आले. गावाकडचा रस्ता वाहून गेलेला, निवेदन द्यायचं होतं. हातात कन्नड पेपरचं कात्रण, त्यात नातवानं पेनानं गोल केलेले शब्द : ‘लोकोपयोगी इलाखे सचिव’.

"मंत्र्याला नको घालू. सचिवालाच घाल. आयएएस असतोय, वाचतोय तरी."

म्हटलं, "काका, कन्नडमध्ये सचिव म्हणजेच मंत्री. तुम्ही म्हणताय त्याला तिकडं कार्यदर्शी म्हणतात."

"आणि इलाखे?"

"इलाखे म्हणजे खातं."

आमच्या म्हाताऱ्या माणसांना इलाखा म्हटलं की मुंबई इलाखा आठवतो. काका हसले, खरं मला हसू आलं नाही. कारण त्याआधी दहा मिनिटं हेच काका महाराष्ट्रात कुणाला कुठलं खातं मिळालं, कोण रुसलं, कोण दिल्लीला गेलं, सगळं घडाघडा सांगत होते. त्यांना काय बोलायचं, मी तरी वेगळा कुठं आहे! घरी मराठी चॅनेल, दुकानात मराठी चॅनेल. 2022 ला शिंदे-फडणवीस दोघांनीच 30 जून ते 9 ऑगस्ट मंत्रिमंडळ चालवलं, हे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे.

आता आपल्या कर्नाटकातलं 2019 विचारा. येडियुराप्पांनी 26 जुलैला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि 20 ऑगस्टपर्यंत एकटेच मंत्रिमंडळ होते. एकटे! मुख्यमंत्र्यांना राज्यपाल नेमतात आणि बाकीचे मंत्री मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानं. म्हणजे यादी मुख्यमंत्र्यांच्याच खिशात. घटनेत मंत्री किमान 12 असावेत म्हटलंय, शपथेनंतर किती दिवसांत ते म्हटलेलं नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत कृष्णा, घटप्रभा, मार्कंडेय सगळ्या पात्राबाहेर. निपाणी, चिकोडी, गोकाक पाण्यात, आणि पालकमंत्री म्हणून हाक मारायला जिल्ह्यात माणूस नव्हता. आपण तेव्हा काय बघत होतो? सांगली-कोल्हापूरच्या पुराच्या बातम्या. त्यात गैर नाही, आपली पाहुणी माणसं तिकडं आहेत. खरं पाणी आपल्याही दारात होतं.

20 ऑगस्टला अथणीचे लक्ष्मण सवदी मंत्री झाले, पुढं उपमुख्यमंत्रीही. 2018 ला हरलेले, ना आमदार ना विधान परिषदेवर. तरी चालतं, कलम 164 प्रमाणे सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात निवडून यायचं. ते फेब्रुवारी 2020 मध्ये परिषदेवर गेले. उपमुख्यमंत्री हा शब्द घटनेत शोधून सापडत नाही. पालकमंत्रीसुद्धा नाही, आणि आमच्याकडं निम्मे अर्ज त्यांच्याच नावानं टाइप होतात.

‘आपल्या जिल्ह्याला किती मंत्री?’ हा कट्ट्यावरचा लाडका प्रश्न. 2003 च्या घटनादुरुस्तीनं विधानसभेच्या 15 टक्क्यांची मर्यादा घातली. कर्नाटकात 224 आमदार, म्हणजे मुख्यमंत्र्यांसह 34. मुख्यमंत्री झालेल्या सिद्धरामय्यांनी 20 मे 2023 ला स्वतःसह दहा जणांनिशी सुरुवात केली आणि 27 तारखेला 24 जणांना शपथ देऊन कोटा भरून टाकला. आमच्या जिल्ह्यात 18 मतदारसंघ. हिशेबानं वाट्याला पावणेतीन मंत्री येतात, मिळाले दोन. 2021 च्या सुरुवातीला तर पाच होते : सवदी, कत्ती, रमेश जारकीहोळी, शशिकला जोल्ले, श्रीमंत पाटील. पाच असताना बेळगावचं सोनं झालं का, ते तुम्हीच सांगा. माझ्या मते आकडा मोजण्यापेक्षा खातं बघावं.

काकांचंच घ्या. बांधकाम खातं तेव्हा सतीश जारकीहोळींकडं, यमकनमर्डीचे, आपल्याच जिल्ह्यातले, पालकमंत्रीही तेच. म्हणून काका खूश. खरं त्यांचा रस्ता ना राज्य महामार्ग, ना जिल्ह्याचा मुख्य रस्ता. गावरस्ता. तो ग्रामीण विकास आणि पंचायत राज खात्याचा, म्हणजे तेव्हाचे मंत्री प्रियांक खर्गे, कलबुर्गीकडचे.

"म्हणजे आपला मंत्री असून नसल्यासारखा की रे?"

"पालकमंत्री म्हणून एक प्रत त्यांना घालू की."

निवेदन कन्नडमध्ये टाइप केलं, काकांना मराठीत वाचून दाखवलं. एक प्रत खर्गेंना, एक पालकमंत्र्यांना, एक जिल्हा पंचायतीला, आणि पोच घ्यायला एक. पैसे काढता काढता काका थांबले.

"महाराष्ट्रानं सीमाभागासाठी दोन मंत्री नेमलेत न्हवं?"

नेमले होते. चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई. डिसेंबर 2022 मध्ये बेळगावला येणार येणार म्हणून आम्ही वाट बघितली, आले नाहीत.

"मग त्यांना पण एकेक काढ," काका म्हणाले. "मराठीत."

मी काढल्या.