एक पार्ले म्हणजे किती ठाणे?

सव्वा कोटी हा आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अक्षरात लिहिला, तोही फ्लॅट बघायला गेलो तेव्हा, बिल्डरच्या फॉर्मवरच्या 'बजेट' या रकान्यात. तो वाचून समोरच्या मुलीने आमची कॉफी रद्द केली. तोंडाने नाही हं. ट्रे घेऊन येणाऱ्या पोऱ्याकडे तिने नुसतं पाहिलं, आणि ट्रे आमच्यापासून दोन पावलांवर वळला. मागोमाग आम्हालाही सोफ्यावरून उठवून खांबाआडच्या खुर्च्यांवर नेण्यात आलं. "सर, इस बजट में हमारा शिळफाटावाला प्रोजेक्ट बहुत अच्छा है," असं म्हणून तिने एक पत्रक दिलं. पत्रकावर एक गोरं कुटुंब हसत होतं. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये असं हसणारं कुटुंब मी तरी पाहिलेलं नाही.

"दोन कोटी लिहायला काय झालं होतं?" बायको म्हणाली. "कुठे लगेच चेक मागत होते?"

"चार लिहायचे," शेजारून आवाज आला. "दोनवर कॉफी येते, पण कुकी येत नाही."

ठाण्यातल्या पोखरण रोडवरच्या त्या गुळगुळीत सेल्स गॅलरीत, खांबाच्या बरोब्बर आड, एक काका बसले होते. कॉफी, कुकी, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीतून लोखंडी टेपचं पिवळं टोक डोकावत होतं. बँकेतून निवृत्त, राहणार विलेपार्ले पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घर घ्यायचं आहे का, असं मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे, एखाद्या क्रिकेटप्रेमीला 'तुम्ही बॅट विकत घेणार का' असं विचारावं, तसं पाहिलं.

"छे! मी भाव बघतो."

काकांनी पिशवीतून बँकेच्या जमान्यातलं लांबलचक लेजर काढलं. पानापानावर रकाने: वांद्रे, जुहू, शिवाजी पार्क, पवई, पाम बीच रोड, पोखरण. पण आकडे रुपयांत नव्हतेच.

"रुपया काय, पडतो," काका म्हणाले. "म्हणून मी पार्ल्यात मोजतो. पार्ले पूर्वेच्या एका चौरस फुटाचा भाव म्हणजे एक पार्ले. वांद्रे पश्चिम दीड पार्ले. शिवाजी पार्क दीडच्या जरा वर, मैदान दिसत असेल तर. पवई पाऊण. पाम बीच आणि हे तुमचं पोखरण, अर्ध्याच्या आसपास घोटाळतात."

"आणि मलबार हिल?"

"ते मी शाईने लिहीत नाही. पेन्सिलने."

"डोंबिवली?" बायकोने विचारलं. तिचं माहेर तिथलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "डोंबिवलीला माझी बहीण असते," ते फार मायेने म्हणाले, आणि पान उलटलं.

त्यानंतर काका जे सुटले! वरळीत 2025 साली दोन डुप्लेक्स मिळून 639 कोटींना गेले, चौरस फुटाला 2 लाख 83 हजार. "म्हणजे बघा," काका म्हणाले, "सकाळी जमिनीवर पेपर उघडून पसरलात की त्याच्याखाली दहा लाखांची जमीन झाकली गेली. बायका पेपरावर भाजी निवडतात हो!" मग भिंती. रेरा कायद्याच्या कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या मापात, बाल्कनी धरत नाहीत, बाहेरच्या भिंती धरत नाहीत, पण खोल्या-खोल्यांमधल्या भिंती धरतात. "दहा फूट लांब, चार इंच जाड भिंत. सव्वातीन फूट जागा. पार्ल्यात 45 हजारांनी दीड लाख रुपये. तुम्ही दीड लाख देऊन एक अशी जागा घेता, जिथे तुम्हाला उभंही राहता येत नाही. फार तर खिळा मारता येतो."

मग मुलुंड चेकनाका. नाक्याच्या अलीकडे मुंबई, मुद्रांक शुल्क 6 टक्के. पलीकडे ठाणे, 7 टक्के. आम्ही मुलुंडचे भाडेकरू, रोज भाजी ठाण्याच्या हद्दीतून आणतो. या नाक्यावरून आपण एका टक्क्याने महाग होऊन जातो आणि स्वस्त होऊन परत येतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "आणि घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट," काकांनी पुढे पुरवणी जोडली. "पण एकट्या. तुमचं नाव त्यात आलं की सूट गेली."

बायकोने मनातल्या मनात हिशोब केला. सव्वा लाख. तिने माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. करारात मला ठेवायला सव्वा लाख लागणार होते आणि मी तेवढ्याचा आहे का, यावर तिचं काही नक्की ठरत नव्हतं.

एवढ्यात सॅम्पल फ्लॅट दाखवायला एक टायवाला मुलगा आला. काका आमच्याबरोबर उठले, आणि चार कोटींचे म्हणून त्यांना कुणी अडवलं नाही. सॅम्पल फ्लॅटला आतून दारं नव्हती. दार नसलं की खोली मोठी दिसते. (दार नसलेल्या संडासात मोठेपणाचं काय करायचं, ते मुलाने सांगितलं नाही.) कपाटं अशी उथळ की हँगर तिरका लावावा. खिडकीत येऊरच्या डोंगराचा भलामोठा फोटो. "ग्रीन व्ह्यू," मुलगा म्हणाला. "बिबट्या कितव्या मजल्यापर्यंत येतो?" काकांनी विचारलं, आणि तो काय म्हणतो ते न ऐकताच मास्टर बेडरूममध्ये शिरले, चपला काढल्या आणि पलंगावर आडवे झाले.

"अंकल, प्लीज! अंकल, उतरिए!"

काका उतरले नाहीत. छातीवर हात, डोळे मिटलेले. त्यांचे पाय पलंगाबाहेर चांगले वीतभर लोंबत होते, आणि काका काही उंच नव्हेत. "टेप घ्या," ते डोळे न उघडता मला म्हणाले. मी घेतली. आता का घेतली विचाराल तर, त्या परत गेलेल्या कॉफीसाठी घेतली. पलंग पाच फूट तीन इंच भरला.

"रात्री यांच्या गिऱ्हाइकाला घडी घालून झोपवतात," काका म्हणाले. टायवाल्याने वॉकीटॉकीवर कुणाला तरी बोलावलं. मागे आणखी एक कुटुंब येऊन उभं होतं. त्यातल्या आजींनी काकांना पाहून सवयीने चपला काढल्या आणि हात जोडले.

खरं सांगू, इथपर्यंत मजा होती. खाली उतरल्यावर काकांनी लेजर पिशवीत घातलं आणि म्हणाले, "आमच्या पार्ल्यात डोक्यावरून विमानं जातात. उंचीची मर्यादा. इमारत वर वाढवता येत नाही, म्हणून कुठला बिल्डर हात लावत नाही. गच्ची गळते. मी कागदावर दोन कोटींचा मालक आणि हॉलमध्ये बादली ठेवतो. विकलं तर पार्ल्यात परत काही घेता येत नाही. मग भाव बघतो." मुलगा-सून कल्याणच्याही पुढे राहतात. जिना चढवत नाही, पण त्यांच्याकडे जायचं म्हणजे पाऊण पार्ले सोडायचं.

मला तेव्हापासून राग आहे, आणि तो नेमका कुणावर, ते ठरत नाहीये. शिवाजी पार्कला वाढलेल्याला शिवाजी पार्क परवडत नाही, पार्लेकर ठाण्याला येतो, ठाणेकर शिळफाट्याला ढकलला जातो, आणि प्रत्येक जण पुढच्या स्टेशनकडे बघून 'तिकडे काय, जंगल आहे' असं म्हणतो. 'कुठे राहता?' हा प्रश्न पत्त्यासाठी असतो, असं मी चाळीस वर्षं समजत होतो. लग्नाच्या स्थळातसुद्धा 'स्वतःचं घर' पुरत नाही, मध्य रेल्वे की पश्चिम रेल्वे, स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला, सगळं लागतं. आणि वरून बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे नसलेल्या घरावर कर. ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला, आल्यावर घ्यावं तर हा कर नाही, पण तोवर भाव इतका चढतो की कर परवडला म्हणायची वेळ येते. मग मधला माणूस करतो काय, तर रविवारी सॅम्पल फ्लॅट बघतो.

त्या मुलीचा फोन रोज येतो. पहिल्या तारखेपासून भाव वाढणार आहेत म्हणे. ते ठीक. पण भागातल्या कुठल्याशा दलालाने आमच्या घरमालकांना सांगितलं की, हे फ्लॅट बघत फिरतायत. अकरा महिन्यांचा करार संपत आलाच होता.

"अभिनंदन! पोखरण रोड म्हणे," मालक दारातूनच म्हणाले. "ऐपत वाढली तुमची. मग भाडं दोन हजारांनी वाढवू या."

"अहो, आम्ही नुसता पाहिला. पलंग मोजला फक्त."

"तेच ते," मालक म्हणाले. "दलालाची एक महिन्याची दलाली मात्र तुमच्याकडे."