आग होतेय म्हणजे आगच होतेय

आई 74 वर्षांची. गेल्या महिन्यात तिच्या पाठीत डाव्या बाजूला दुखायला लागलं, म्हणून घोडबंदर रोडवरच्या एका डॉक्टरांकडे नेलं. तरुण मुलगा, वागायला छान, मराठी कामापुरतं. आई सांगत होती, "आग आग होतेय हो, ब्लाऊजचं कापड लागलं तरी सोसवत नाही." मी शहाणा मध्ये पडलो. म्हटलं, "बॅक पेन आहे, दोन दिवसांपासून."

झालं. एक्स-रे निघाला. मणक्यात वयोमानानुसार झीज दिसली, ती त्या वयात कोणाच्याही दिसेल. चोळायला मलम मिळालं. रात्री मी ते लावायला घेतलं तर आई कळवळून उठूनच बसली.

दोन दिवसांनी पाठीपासून छातीखालपर्यंत, पट्टा बांधावा तसे पाण्याचे बारीक फोड. नागीण!

शेजारच्या मावशी लगेच आल्या. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे ऐकवून गेल्या. आईचा चेहरा उतरला. आम्ही त्याच डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी शांतपणे समजावलं. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो, आणि वयाबरोबर प्रतिकारशक्ती कमी झाली की पुन्हा डोकं काढतो. ज्या नसेत जागा होतो तिच्याच वाटेने फोड येतात, म्हणून नागीण सहसा अंगाच्या एकाच बाजूला राहते. वेटोळं वगैरे काही नाही. विषाणूविरोधी गोळ्या मात्र फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. आम्ही वेळेत पोचलो होतो. मग त्यांनी विचारलं, "पहिल्या दिवशी जळजळ होत होती का?"

आई म्हणाली, "मी तेच सांगत होते, ह्यानेच मला बोलू दिलं नाही."

फोड येण्याआधी ओळखणं तसंही अवघड असतं, असं डॉक्टर म्हणाले. माझी समजूत काढत होते बहुतेक. पण 'आग' कानावर पडली असती तर निदान शंका तरी आली असती ना?

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत! गळू ठणकतं, जखम ठुसठुसते. पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते. पोटात कळ येते, मुरडा येतो, नुसतं डब्ब होतं ते निराळं. पोटरीत गोळा येतो, पायाला मुंग्या येतात, उभं राहून राहून रग लागते. प्रत्येक शब्दात काय होतंय, कसं होतंय ते आलंच. आणि आपण दवाखान्यात जाऊन काय सांगतो? "पेन होतंय." छातीत दडपल्यासारखं वाटत असलं तरी "ॲसिडिटी असेल", आणि घाम फुटेपर्यंत सोडा पीत बसतो.

कोणी म्हणेल, हा निघाला मराठीचा झेंडा घेऊन. नाही हो. आजाराचं नाव खुशाल इंग्रजीत घ्या. शुगरला मधुमेहच म्हणा असा माझा हट्ट नाही, आणि स्वादुपिंड नेमकं कुठे असतं हे मलाही सांगता येणार नाही. (काळीज म्हणजे बोलताना हृदय आणि मटणाच्या दुकानात लिव्हर, तेव्हा जुन्या शब्दांतही गोंधळ आहेच.) "मला थायरॉईड आहे" हे तर आमच्या सोसायटीत रोज ऐकू येतं. अहो, ती ग्रंथी सगळ्यांनाच असते, तुमची कमी चालतेय की जास्त ते सांगा! पण नाव डॉक्टर शोधतील, त्यांचं कामच ते. कसं दुखतंय हे मात्र ज्याचं दुखतंय त्यालाच ठाऊक, आणि ते त्याच्याच शब्दांत बाहेर पडतं.

परवा पुन्हा दाखवायला गेलो. फोड सुकलेत, खपल्या धरल्यात. "आता कसं आहे, आजी?" मी तोंड मिटून बसलो होतो.

"आग नाही आता," आई म्हणाली, "नुसतं हुळहुळतंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "हुळहुळतंय म्हणजे?"

मी इंग्रजी शब्द आठवायला लागलो. एकही धड सापडेना. शेवटी आईनेच त्यांचा हात ओढला आणि मनगटावरून पदराचं टोक अगदी हळू फिरवून दाखवलं.